एक्केचाळीस नंबरचा शिक्का

हेस्टर गॅरडने उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं तेवढं एक नख वाढवलं होतं, आणि कारखान्यातल्या बायका त्या नखाला टरकून असत. लढाऊ विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप कापड चढवून, कापड आवळणाऱ्या डोप नावाच्या लाखेचे हात देऊन, वाळून तिच्या बाकावर आली की ती कापडावर नखाने टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर गळ्यातला पितळी शिक्का शाईत बुडवून ठोकायची, एक्केचाळीस. बद्द आला तर चकार शब्द न काढता झडप मागे ढकलायची. मग ती जिने शिवली असेल तिचा दिवस फुकट गेलाच म्हणून समजा.

हा कान तिने पियानोच्या कारखान्यात कमावला होता. पोरवयात ती तिथे तारा जुळवायची. पहिल्या महायुद्धात सरकारने पियानो बंद केले आणि त्याच लोकांना विमानांचे पंख करायला बसवलं, कारण लाकूड तासणारे हात तिथे तयार होते. तेव्हाचं विमान ते काय, लाकडाच्या काड्या, तारा आणि वर ताणून बसवलेलं आयरिश लिनन. एकावर एक असे दोन पंख, आणि उघड्यावर बसलेला वैमानिक. कापड ढिलं राहिलं की वारा त्यात शिरायचा, आणि वारा शिरला की पुढचं सांगायला तो वैमानिक परत यायचा नाही. विसाव्या वर्षी हेस्टर टिचकीवर पंख पास करत होती आणि तिच्या कानाला कुणी आव्हान देत नव्हतं.

मग पत्रा आला. वरचा पंख गेला, तारा गेल्या, वेग तिप्पट झाला, पंखांत आठ मशीनगन बसल्या. कापड उरलं ते शेपटीपुरतं. सदतीस साली हेस्टरच्या शेडला लागूनच पत्र्यात रिव्हेटचे खिळे ठोकणारी शंभर माणसं आणून बसवली, मध्ये पातळ फळ्यांची भिंत. सकाळी सात ते संध्याकाळी सात तो कडकडाट चालायचा. पत्र्याने तिचं कापड घेतलं, आणि तीन वर्षांत कानही घेतले.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. चाळीसच्या फेब्रुवारीत तिला पहिल्यांदा किटलीची शिट्टी ऐकू आली नाही. उन्हाळ्यापर्यंत टिचकीचा आवाज साफ गेला. माणसांचं बोलणं ती ओठांवरून उचलायची, भोंगा झाल्यावर इतर उठल्या की उठायची. टिचकी मात्र मारतच राहिली. बोटाला थरथर कळते ना, मग तेच ऐकणं झालं, असं तिने स्वतःला पढवलं होतं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटत होती. शिक्का गेला की पेट्यांना खिळे मारायला पाठवतील, आणि मग क्लेमच्या विमानाकडे बघणार कोण?

क्लेम तिचा एकुलता एक. नवरा रोलंड न्यूमोनियाने गेल्यावर तिने त्याला एकटीने वाढवला, आणि आता एकविसाव्या वर्षी तो केंटमधल्या एका धावपट्टीवरून रोज तीन-तीन वेळा लढाऊ विमान घेऊन वर जात होता. ऑगस्टच्या शेवटी त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. आला तो बूटही न काढता स्वयंपाकघरात बसला. डोळे खोल गेले होते.

"आई, किटली बोंबलतेय," तो म्हणाला.

ती समोर बसली होती म्हणून तिला कळलं. "बोंबलू दे. माझ्या घरात किटलीलासुद्धा थोडं थांबावं लागतं."

तो हसला. उठून त्यानेच किटली उतरवली. मग टेबलावर टिचकी मारत म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यांना मी तुझी खोड लावलीय. वर जायच्या आधी प्रत्येक जण शेपटीवर टिचकी मारतो. आमचा म्हातारा मेकॅनिक एबल चिडवतो, म्हणतो, दार उघडा, कोण आहे घरात."

"आणि तू?"

"मी आधी शिक्का बघतो. एक्केचाळीस दिसला की टिचकी मारतच नाही. तू मारलीस ना, मग मी कशाला मारू?"

हेस्टर हसली. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगणार होतीही. पण पोराची मान खुर्चीतच कलंडली आणि तो झोपला, आणि त्याला उठवायचा तिला धीर झाला नाही. तो निघाला तेव्हा तिने नुसता त्याचा मफलर नीट केला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोरमन पिनक हातात कागद घेऊन शेडमध्ये आला. हा माणूस तीस वर्षं नोकरी केलेला, तोंडाने फटकळ पण मनाचा मऊ. त्याने रिव्हेटवाल्यांना पाच मिनिटं हात थांबवायला लावले आणि बाकावर चढून कागद वाचला. तीन हवाई तळांवरून एकच तक्रार आली होती. जोरात खाली सूर मारला की विमान वळवायचा दांडा वैमानिकाच्या हातात थरथरतो आणि नाक वर यायला वेळ लागतो. एका विमानाच्या झडपेचं कापड उशीसारखं फुगून उतरलं होतं. तो वैमानिक कसाबसा वाचला.

"पावसाळी हवा, त्यात बॉम्बवाल्यांना उजेड दिसू नये म्हणून काळोखाचा हुकूम, खिडक्या बंद," पिनक म्हणाला. "ओल असली की डोप कापड आवळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. डोळ्यांत तेल घालून बघा."

हेस्टरने सगळं ओठांवरून वाचलं. तो खाली उतरला, खडखडाट पुन्हा सुरू झाला असावा, कारण जमीन थरथरू लागली. तिने पुढची झडप ओढली, टिचकी मारली, शिक्का उचलला.

तिच्या मनगटावर कुणाचा तरी हात पडला. शेजारच्या बाकावरची डॉर्कस टिबिट होती. लढाईच्या आधी मासळीच्या दुकानात होती, दोन पोरांची आई, जिभेला हाड नसलेली. आज मात्र ती चेष्टेत नव्हती.

"गॅरडबाई, पुन्हा मारा."

हेस्टरने मारली.

"हे बद्द वाजतंय. मला ऐकू येतंय, इतक्या गोंगाटात मला ऐकू येतंय. तुम्हाला नाही?"

हेस्टर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉर्कसने मग एक गोष्ट केली. हात तोंडावर धरला आणि हाताआडून काहीतरी बोलली. हात काढला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणाले मी?"

हेस्टरला सांगता आलं नाही.

"अगं बाई," डॉर्कस म्हणाली आणि बाकावर बसली. "कधीपासून?"

जेवणाच्या सुट्टीत रिव्हेटवाले बाहेर गेले तेव्हा दोघी गोदामात शिरल्या. पाठवायला तयार असलेल्या छत्तीस झडपा तिथे भिंतीला लावून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर एक्केचाळीस. हेस्टर टिचकी मारत गेली आणि डॉर्कस ऐकत गेली. ठीक. ठीक. ठीक. नाही. ठीक. नाही. हेस्टरला दोन्हींत काही फरक कळेना, ना कानाला, ना बोटाला. महिनोन्महिने जिच्यावर भिस्त ठेवली ती थरथर तिची तिनेच रचलेली होती. शेवटच्या भिंतीपर्यंत नऊ बाजूला निघाल्या.

"छत्तिसांत नऊ," डॉर्कस म्हणाली. "आणि गेल्या त्या किती?"

हेस्टर तशीच पिनकच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. गळ्यातला शिक्का काढून त्याच्या टेबलावर ठेवला. पिनकने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मान खाली घालून तो काही बोलला असेल तर ते तिला कळलं नाही. मग त्याने कागद ओढला आणि फोनवर सांगायचा निरोप लिहून तिच्यापुढे सरकवला. 'जूनपासून आमच्याकडून आलेल्या सर्व झडपा उड्डाणापूर्वी टिचकी मारून तपासाव्यात. कापड ढिलं आढळल्यास विमान उडवू नये.'

"तुझा नंबर घालत नाही," तो तोंड वर करून, सावकाश म्हणाला. "सगळ्याच तपासा म्हटलं की त्यात तुझ्या आल्याच. नंबर घातला की तो तळातळावर सूचनांच्या फळ्यावर लागेल. तेवीस वर्षं काम केलंस, बाई. तुझ्या पोराने ते फळ्यावर वाचायचं?"

इथे हेस्टरने बोलायला हवं होतं. क्लेमचं ते वाक्य तिला आठवलं नाही असं नाही. अगदी शब्दाला शब्द आठवलं. एक्केचाळीस दिसला की टिचकी मारतच नाही. पण लगेच तिच्या मनाने दुसरं पुढे केलं. आता वरून हुकूम जातोय. हुकूम म्हटल्यावर तो मारेलच. मारायलाच लागेल, मेकॅनिक उभा असेल ना शेजारी. आणि त्या फळ्याखाली उभा असलेला क्लेम तिला दिसला, चारचौघांत, ज्यांना त्याने आईची खोड कौतुकाने लावली होती. तिची मान शरमेने खाली गेली. ती मूग गिळून राहिली.

पिनकने फोन उचलला. त्याचे ओठ हलताना ती बघत राहिली, एकेक शब्द, शेवटपर्यंत. नंबर त्यात नव्हता.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती टोपी न काढताच क्लेमला पत्र लिहायला बसली. चार ओळींत सगळं लिहिलं, कान, नख, नऊ झडपा, माझा शिक्का दिसला तर आधी ती झडप बघ. पाकीट बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. पेटीवर पत्रं उचलण्याची पुढची वेळ सकाळी सातची होती. तिने रस्त्यात उभं राहून आकाशाकडे पाहिलं. वर खूप उंचावर विमानांनी ओढलेल्या पांढऱ्या रेघांचा गुंता झाला होता. लोक माना वर करून उभे होते, कुणीतरी बोट दाखवत होतं. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसत्या रेघा, आणि त्यातली एक सरळ खाली आलेली.

तार दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पत्र तेव्हा अजून वाटेतच होतं.

शनिवारी एबल स्ट्रूड क्लेमची पेटी घेऊन आला. साठीकडे झुकलेला, पहिल्या लढाईत लाकडी विमानांच्या तारा आवळलेला माणूस. त्याला चहा दिला तर त्याने कप नुसता हातात धरला. पेटीत क्लेमचे दोन सदरे, वस्तरा आणि तो मफलर होता. वर हेस्टरच्या अक्षरातलं बंद पाकीट.

"हे उशिरा आलं," तो म्हणाला. मग मान खाली घालून, बुटांकडे बघत तो बोलू लागला. त्याचे ओठ मिशीत हलत होते. खांदे हलत होते. तो बराच वेळ बोलला, आणि हेस्टरला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

"मिस्टर स्ट्रूड," ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून सांगा."

म्हाताऱ्याने तोंड वर केलं. डोळे लाल झाले होते. त्याला वाटलं तिला एवढ्यात, दुःखाने असं झालंय. त्याने खुर्ची पुढे ओढली, तिचा हात हातात घेतला, आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून, मायेने, पुन्हा सांगितलं.

"संध्याकाळी हुकूम आला होता. सगळ्या शेपट्यांना टिचकी मारून बघा. मी सगळ्यांच्या बघितल्या. त्याची बघायला हात उचलला, तोवर त्यांना वर बोलावलं होतं, घाई होती. तो आत चढता चढता हसला. म्हणाला, राहू दे, एबल. आईने बघितलीय."