किटलीचं झाकण

“चित्र ठीक आहे हो काका, आवाज मात्र गेला,” जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेतला तंत्रज्ञ म्हणाला. “आवाजाची पट्टी फितीच्या कडेला असते. बुरशी नेमकी तिथेच लागलीय.”

झालं! माझं नशीबच मेलं असं. “कशाला उगाच” म्हणणाऱ्या बाबांना मीच हाताला धरून जिना चढवला होता. त्यांनी तरुणपणी काढलेल्या कार्टूनपटाची ही एकच प्रत उरली होती. गोष्ट म्हणजे शाळेत सगळ्यांनी घोकलेली ती बिनअर्थाची कविता, ज्यात किटली टोपी घालून समुद्राशी लग्न करायला निघते. पण किटलीचा आवाज माझ्या आईचा होता. मी रांगत होते तेव्हाच ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, आणि मला तो एकदा, फक्त एकदा ऐकायचा होता.

“तरी लावा,” बाबा म्हणाले.

पडद्यावर किटली नुसतंच तोंड हलवत निघाली. मला रडूच फुटलं.

“गप. बघ जरा,” बाबांनी माझा हात दाबला. “इथे तिने श्वास घेतला. आता हसेल.”

“कोण?”

“तुझी आई, दुसरं कोण! वाचताना हिला हसूच आवरेना. दिग्दर्शक भडकला, म्हणाला, पुन्हा घेऊ. मी म्हटलं, राहू दे, मी काढतो. ते हसू ऐकून ऐकून एकेक चित्र काढलंय गं.”

किटलीचं झाकण थरथरलं, कुणीतरी दाबून धरल्यासारखं. मग एकदम उडायलाच लागलं.

“अशी हसायची?”

“अश्शी. आधी दाबायची, मग सुटायची. चारचौघांत माझी पंचाईत.”

बाबांनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली. या वेळी किटलीने तोंड उघडलं आणि बाबाच बोलू लागले. आवाज चिरका, दम पुरत नव्हता, पण प्रत्येक शब्द किटलीच्या तोंडाशी बरोब्बर जुळत होता.

“टोपी घालून निघाली किटली,
वाटेत तिला बादली भेटली...”

झाकण थरथरलं तसे ते थांबले. मला वाटलं, विसरले. मी पुढची ओळ सांगायला गेले, तर त्यांनी हात वर केला.

“थांब. तिचं हसून होऊ दे.”

झाकण उडत राहिलं. खोलीत नुसती यंत्राची घरघर होती. मी तरीही कान देऊन बसले.