सदूच्या पँटीतली चावी

बोटांना लागली ती चावीच होती — पितळी, बारकी, एका अंगाला झिजलेली — आणि स्वतःची चावी तर जमालनं दुसऱ्या मुठीत अजून तशीच आवळून धरलेली होती. मग ही कुणाची? मग त्याला आठवलं, की खिसाच आपला नाही. पँट सदूची आहे.

घराकडं उतरता उतरता तो थांबला. मघाशी व्यायाम आटोपून, घामानं निथळत तो लोखंडी कपाटाशी गेला, तर त्याचा खण रिकामा. शर्ट, पँट, आणि पँटीच्या घडीत जपून ठेवलेलं घड्याळ... सगळं साफ. कुलूप मात्र साळसूदासारखं जागच्या जागी लटकत होतं. व्यायामशाळेचा राखणदार दादू ते निरखून म्हणाला, "तुटलेला नाय रे. चावी लावूनच उघडलान कोनीतरी." त्यावर सगळेजण एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिले. एकट्या सदूनं आपला खण उघडून पँट काढली, सवयीनं परत कुलूप घातलं — तेव्हाच चावी खिशात टाकली असणार — आणि म्हणाला, "ही घाल. माजा घर हाकेवर हाय, मी चड्डीवर जातंय."

असा हा सदू. शाळेपासूनचा. अब्बांच्या मयतीला खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढं होता तो...

पण घड्याळ! होणाऱ्या मेव्हण्यानं, हारुननं, दुबईहून आणलेलं. मंगनीच्या दिवशी आपल्या हातानं जमालच्या मनगटावर चढवलेलं. आज दुपारी तो नाटे गावाहून जेवायला यायचा होता. अम्मीनं सुरमई सांगून ठेवली होती. त्याची पहिली नजर मनगटावरच जाणार. विचारणार काही नाही; नुसता बघेल, आणि घरी जाऊन बहिणीला, जमालच्या होणाऱ्या बायकोला, इशरतला सांगेल.

आणि नको तेच आठवलं. मागल्या आठवड्यात सदूनं ते घड्याळ कानाला लावलं होतं. काटे नसलेलं, आकड्यांचं घड्याळ. "ह्याचा ठोका कुटं हाय रे?" म्हणून हसला होता, आणि परत देताना जरा... रेंगाळला होता का? की मला ते आत्ता वाटतंय? छे, सदूबद्दल असं मनात तरी येतं कसं! पण संशयाला ओसरी दिली की तोही हातपाय पसरतो. पाय आपोआप मागं वळले होते. चावी नेऊन ठेवू, एवढंच — तो स्वतःलाच सांगत होता.

व्यायामशाळा रिकामी होती. मागं विहिरीवर दादूचा रहाट कुरकुरत होता. जमालनं सदूची चावी आपल्या कुलपात सरकवली. उघडू नकोस, उघडू नकोस बाबा —

उघडलं.

ते कुलूप तो हातात उलटंपालटं करून बघत राहिला. मग कुठं डोक्यात प्रकाश पडला: ही सगळी कुलपं सगळ्यांनी मिळून एकाच दुकानातून, घासाघीस करून, एकाच टोपलीतून उचललेली! त्यानं आपली चावी सदूच्या कुलपाला लावून पाहिली. तेही मुकाट्यानं उघडलं. म्हणजे कुणाचीही चावी कुणालाही... म्हणजे सदूच कशावरून? जमालला इतकं हलकं वाटलं, की त्याला हसूच फुटलं. आता कुलूप लावायचं आणि सदूच्या दारात जाऊन चावी द्यायची. चहा करायला सांगायचा. संपलं.

पण सदूच्या खणाचं दार उघडं होतं.

आत पंचा, तेलाची बाटली, तळाशी कसलीशी घडी. नुसतं बघून घ्यावं. नसणारच, नाही हे एकदा कळलं की झालं, पुन्हा जन्मात मनात येणार नाही... हात आत गेला. घडीखाली मऊ लागलं. अजून आत. घड्याळ असतं तरी त्याला ठोका कुठं होता? हात फिरतच राहिला, आणि ते इथं सापडावं असं आपल्याला वाटू लागलंय, हे जमालच्या ध्यानात आलं.

विहिरीवरचा रहाट थांबला.

"कोन हाय रे आत?" दादूनं विचारलं.

चोराच्या मनात चांदणं — किती वेळा म्हटलं असेल त्यानं, दुसऱ्यांना. अंगात सदूची पँट, हात सदूच्या खणात.

"मी," जमाल म्हणाला. आणि त्यापुढं आपलं नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना.