एका माणसापुरते दार

रविवारी सकाळी दहा वाजता मॅरेथॉनची शेवटची बस तिसाव्या किलोमीटरच्या फलकापाशी थांबली. दार उघडले. चढायला दोघे होते. चढले कोणीच नाही.

ही बस शर्यतीच्या शेपटाशी, मुदतीच्या वेगाने चालते. तिच्या मागे पडला तो बाद. त्याने निमूट आत बसायचे, पाणी प्यायचे आणि खिडकीतून भलतीकडे बघायचे. नियमपुस्तिकेत तिला ‘मदतवाहन’ म्हटले आहे. धावणारे तिला कचरागाडी म्हणतात.

दोघांपैकी एक शिंपी, दुसरे दंतवैद्य. दोघेही सत्तरीला टेकलेले. शिंप्यांची मुलगी दंतवैद्यांच्या मुलाला दिलेली, म्हणजे दोघे एकमेकांचे व्याही. मुलांनी आपापले जमवले होते, पण हे लग्न आपल्या पहाटेच्या सरावातून जमले असे दोघेही सांगतात आणि श्रेय वाटून घेत नाहीत.

पहिल्या वर्षापासून एकदाही न चुकता ही शर्यत पुरी करणाऱ्यांना ‘सलगवाले’ म्हणतात. त्यांचा क्रमांक कायमचा असतो, सुरुवातीच्या रेषेवर त्यांच्यासाठी वेगळी दोरी बांधतात आणि त्यांच्याविषयी बोलताना निवेदक आवाज उगाच कापरा करतो. सलगवाले एकेकाळी वीसेक होते. कोणाची कंबर गेली, कोणाची बदली झाली. एकाची शर्यत मुलीच्या बाळंतपणात हुकली. मुलीला त्याने अजून माफ केलेले नाही. एक जण वारला, तेव्हा शोकसभेत कोणी तरी ‘त्यांनी सातत्य सोडले’ असे बोलून गेले आणि ते कोणालाच खटकले नाही. आता हे दोघेच उरले आहेत. यातला एक गळाला की दुसरा एकमेव.

गेल्या वर्षी दंतवैद्यांच्या हृदयात स्टेंट बसला. शिंप्यांचा उजवा गुडघा बदलायला डॉक्टर टपून आहेत. दोन्ही घरांनी समजावले, रागावून पाहिले, अबोला धरला. दोघी विहिणींनी फोनवरून एकमेकींपाशी हात टेकले. तोडगा काढला तो एकाच्या मुलीने, म्हणजेच दुसऱ्याच्या सुनेने. दोघांनी धावावे, तिसाव्या किलोमीटरला दोघांनी एकाच वेळी बसमध्ये चढावे. सलगपणा दोघांचाही तुटेल, मागे एकटा कोणी उरणार नाही. दोघांनी शब्द दिला. ती स्वतः सकाळपासून बसमध्ये बसून होती.

सगळे ठरले होते, फक्त बसचे दार कोणी पाहिले नव्हते. जन्मभर गळ्यात टेप घालून वावरलेल्या शिंप्यांनाही ते सुचले नाही. दार एका माणसापुरते होते.

“चढा, व्याहीबुवा,” दंतवैद्य म्हणाले. “वयाने तुम्ही मोठे.”

“पाच महिन्यांनी! आणि आम्ही मुलीकडचे. मान तुमचा, डॉक्टर. तुम्ही आधी.”

“लग्नात प्रत्येक फोटोच्या मधोमध उभे होतात, तेव्हा नाही आठवला माझा मान.”

“काका, कोणीतरी चढा की,” ड्रायव्हर म्हणाला. “मागच्या दाराचं विचारू नका. ते उघडलं की मिटत नाही, म्हणून बांधून टाकलंय.”

मुलीने दोघांना शेजारी शेजारी उभे केले आणि तीन आकडे मोजले. तीन म्हणताच दोघांनी पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्याचा पाय अजून पुरता टेकला नाही असे दोघांनाही दिसले आणि दोघांनी आपापला पाय मागे घेतला.

“बाबा, तू चढ ना आधी.”

“बरोबर आहे. बाप बाद झाला तर चालतो. सासऱ्याचं तेवढं सलग राहू दे.”

“बरं, मग पप्पा, तुम्ही चढा.”

“वा! शेवटी माहेरच ते.”

“मग मीच उतरते, आणि जा दोघं खड्ड्यात!”

“आधी कोण?” ड्रायव्हरने विचारले. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

वायरलेस खरखरला. बस का थांबली, मुदत चालू आहे, अशी विचारणा होती. दंतवैद्यांनी खिडकीतून आत डोके घातले. “त्यांना सांग, बसच्या मागे पडतो तो बाद. दार कुठे आहे? पुढे. आम्ही कुठे आहोत? दारापाशी. मागे पडलंय कोण?”

ड्रायव्हरने हे तसेच्या तसे कळवले.

“चला, अंग आखडतंय. चार पावलं चालू,” असे म्हणून दंतवैद्य निघाले. शिंपी निघाले. त्यांच्या चालीने बसही निघाली, दार उघडे ठेवून. कचरागाडीच्या धाकाने पुढे जिवाच्या आकांताने पळणाऱ्या दहाबारा जणांनी वळून पाहिले आणि तेही आरामात चालू लागले.

चौतिसाव्या किलोमीटरच्या अलीकडे दंतवैद्यांचा हात छातीकडे गेला.

“काय झालं, पप्पा?”

“काही नाही. नंबराची पिन टोचली.”

दोघांचेही क्रमांक दरवर्षी शिंपीच बनियनवर शिवून देतात. पिन नव्हतीच. थोड्या वेळाने शिंपी लंगडू लागले. “गुडघा,” ते म्हणाले, “जरा हळू घ्या, डॉक्टर.” मुलगी पायरीवर उभी राहून बघत होती. बाबा डाव्या पायाने लंगडत होता.

ती खाली वाकली. “बाबा, आता तू खरंच चढ. ते येतील मागोमाग.”

“नाही येणार. मी चढलो की हा सुटला. पळत सुटेल. उरलेलं सगळं पळून काढेल.”

“मग?”

“मग काय? मी खाली आहे तोवर हा चालतोय.”

“काय कुजबुज चाललीय बापलेकीची?” दंतवैद्यांनी विचारले. त्यांना धाप लागली होती.

“तुमची स्तुती.”

“मग जरा मोठ्याने करा.”

तिने रुग्णवाहिकेला फोन केला. आधी पत्ता सांगितला, मग विचारले, “मागचं दार केवढं आहे तुमचं?”

बारा वाजता मुदत संपली. मात्र शेवटची बस पोचेपर्यंत अंतिम रेषेवरची कमान उतरवता येत नाही, असाही नियम आहे. पदकांच्या टेबलाशी बसलेल्या दोघी स्वयंसेविकांनी डबे उघडले.

रुग्णवाहिका बसला वळसा घालून पुढे गेली आणि मागची दोन्ही दारे सताड उघडून थांबली. शिंप्यांनी लांबूनच मापले. “दोघं मावतो, डॉक्टर. खांद्याला खांदा लावून.”

“त्यात पेशंट चढतात.”

“एक पेशंट, एक सोबतीला.”

“पेशंट कोण?”

“मी. हा गुडघा दिसत नाही?”

दंतवैद्यांनी त्यांच्या पायांकडे पाहिले. “कुठला?” त्यांनी विचारले.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी रुग्णवाहिका सदतिसाव्या किलोमीटरच्या फलकापाशी उभी होती. व्याही तिच्यापासून वीसेक पावलांवर थांबले होते. मुलीने दोघांचा एकेक दंड धरला होता. उजवीकडून कोण चढणार यावर बोलणे चालू होते. शर्यत संपली असे धरून रस्ता मोकळा करावा का, असे चौकातल्या पोलिसाने नियंत्रण कक्षाला विचारले आहे. उत्तर आलेले नाही.