रिकामा वरचा मजला

मी एक जुनी लाकडी चौकट आहे, मित्रांनो. प्रयोगशाळेच्या कपाटात उभी असते. मला दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर अंड्यासारखा एकच लाल गोळा. वरच्या मजल्यावर एक लाल आणि एक निळा, मध्ये बोटभर फट.

मला रसायनशास्त्राच्या बाईंनी करून घेतलं. गोळे सुताराने कातले, रंग बाईंनी स्वतः दिला.

"बाई, वरचे दोन चिकटवायचे राहिले की!" सुतार म्हणाला.

"राहिले नाहीत. त्यांचं कधी जमायचंच नाही."

"म्हणजे माझ्या दोन मेव्हण्यांसारखं!"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

इलेक्ट्रॉन अणूत जिथे वावरतो ती कक्षिका, असं बाई शिकवत. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. दोन अणू जवळ आले की त्यांच्या दोन कक्षिका मिसळून रेणूच्या दोन नव्या कक्षिका होतात. लाटांनी एकमेकींना साथ दिली, तर मध्ये इलेक्ट्रॉनची दाटी होते आणि ती अणूंना बांधते. हा माझा खालचा, कमी ऊर्जेचा मजला. लाटा उलट आल्या, तर मधोमध शून्य. हा वरचा. म्हणून तिथे रंग दोन. एका मजल्यावर इलेक्ट्रॉन मावतात दोनच. इलेक्ट्रॉन म्हणून हायड्रोजनचे दोन मणी बाई खाली ठेवत. वर कुणीच नसे, तरी रोज सकाळी मला पुसताना त्यांचं ओलं फडकं आधी वर फिरे.

"रिकामी असली तरी ती जागा असते गं," बाकावर अभ्यास करणाऱ्या लेकीला त्या म्हणत.

पुढे बाई वारल्या. कपाटाला कुलूप लागलं. तरी सकाळी, शाळा भरण्याआधी, माझ्यावरून ओलं फडकं फिरल्यासारखं वाटे. कपाट बंदच असे.

बऱ्याच वर्षांनी बाईंची लेकच इथे शिकवायला आली. मुलं तिला ताई म्हणत. पहिला तास मुख्याध्यापिका मागे बसून ऐकणार होत्या आणि त्यावर तिची नोकरी ठरणार होती. आदल्या दिवशी शिपाईमामांनी मला मायेने बाहेर काढून लालभडक रंगवलं. वरपासून खालपर्यंत.

तासाला एका मुलीने विचारलं, "ताई, हीलियमचे दोन अणू का जोडले जात नाहीत?"

ताईने त्यांच्या चार इलेक्ट्रॉनचे दोन मणी खाली ठेवले, दोन वर.

"पण वरचे दोन्ही गोळेही लालच आहेत. मग तेही जुळायला हवेत ना?"

मागे मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं. तेवढ्यात ताईचं नख उजव्या गोळ्यावर गेलं आणि कोवळा रंग खरवडू लागलं. मी शपथेवर सांगते, त्या नखात तिच्या एकटीचा जोर नव्हता. लालच्या खालून निळा वर आला.

"हा निळा आहे," ताई म्हणाली. "माझ्या आईने दिलेला. खालचे दोन इलेक्ट्रॉन बांधतात, वरचे दोन तोडतात. हाती काही उरत नाही, म्हणून हीलियम एकटाच राहतो."

पेन पुन्हा चालू लागलं.

"चुकलंच माझं, ताई," मामा दारातून म्हणाले.

"रंग छान आहे हो मामा. फक्त आधी विचारायचं होतं."

मित्रांनो, जुन्या वस्तूला जरूर जपा. पण तिच्यावर कुंचला फिरवण्याआधी, खाली कुणाचा हात आहे तेवढं विचारा.

ताईची नोकरी पक्की झाली. माझे ओरखडे तिने तसेच ठेवलेत. वर्ग कितीही भरलेला असो, पहिल्या बाकाच्या कडेला मुलं कुणाला तरी जागा सोडून बसतात. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही.