हर्मेलिंदाला मिशा

तुम्ही हर्मेलिंदाला खोडलंत. विद्यापीठाच्या समितीत बसणाऱ्यांनो, तुमचं नाव घेत नाही. तुम्ही कोण ते तुम्हाला ठाऊक आहे.

आम्ही मेक्सिकोतल्या वाहाकाच्या डोंगरांतून कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला आलेली पोरं. स्ट्रॉबेरी तोडतो. तुमची संशोधक मारिसोलताई चर्चच्या हॉलमध्ये आमचं काम, ऊन, पाठदुखी सगळं ऐकून घ्यायची. पहिल्याच बैठकीत म्हणाली, "अहवालात खरं नाव येणार नाही. प्रत्येकाने हवं ते टोपणनाव सांगा."

"मला गव्हर्नर लिहा," फिदेन्सिओ म्हणाला. हशा पिकला. मग ओडिलोन उठला. "हर्मेलिंदा."

"अरे, तू मुलगा ना?"

"मग लिहा, हर्मेलिंदाला मिशा फुटल्या!"

पुढची पोरगी म्हणाली, हर्मेलिंदा. तिच्यापुढचा, हर्मेलिंदा. फिदेन्सिओने गव्हर्नरपद सोडलं. मीही तेच सांगितलं. आधी कुणी काही ठरवलं नव्हतं.

त्या बैठकीच्या आधीच्या हंगामात एका दुपारी एक पोरगी उन्हाने सरीतच कोसळली होती. मुकादम "हात चालवा" म्हणून ओरडतच होता. तेव्हा आमच्या टोळीतल्या खऱ्या हर्मेलिंदाने खोकं खाली ठेवलं. "फळं थांबतील. चला सावलीला." अख्खी टोळी तिच्यामागे गेली. दुसऱ्या दिवशी शेतात सावलीचं कापड लागलं आणि तिचं काम गेलं. सरकारी तपासणीस आला तेव्हा मुकादम म्हणाला, "हर्मेलिंदा नावाची कुणी मुलगी इथे नव्हतीच."

तुमचा अहवाल आला. त्यात सहभागी क, सहभागी ख. म्हणे, सगळ्यांचं एकच नाव असलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. मारिसोलताई तुमच्याशी भांडली, हे मान्य. पण होऊ दे की गोंधळ! नावं आम्ही निवडायची, हा शब्द तुमचाच होता. आमची टोळी एकाच पोरीच्या नावाने उभी राहते, हे तुमच्या शास्त्राला झेपलं नाही?

हर्मेलिंदा आता उत्तरेला वॉशिंग्टन राज्यात सफरचंदं तोडते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला; आम्ही सगळ्यांनी तिचं नाव घेतल्याचं तिला कळलं होतं.

"झेनाईदा, आले का गं मी पुस्तकात?"

अहवाल तेव्हा यायचा होता. मी छाती फुगवून सांगितलं, "पानोपानी."

"चल, खोटारडे! एक प्रत पाठव. आईला दाखवीन."

आता तिच्या आईने कुणाला बघायचं? सहभागी ख ला?

मुकादमाने तिला एकदा नाहीसं केलं. दुसऱ्यांदा तुम्ही का केलंत? प्रत मी अजून पाठवलेली नाही. नाव परत छापणार की नाही, उत्तर द्या.