अँटीबॉडीच्या फ्रिजमधलं गार पाणी

उन्हातून आलेल्या माणसाला आधी गार पाणी विचारावं, ही आपल्याकडची रीत. वाशीमला नरेंद्रच्या छोट्या रक्ततपासणी लॅबमध्येही ती मनापासून पाळली जायची. फक्त पाण्याच्या बाटल्या ज्या फ्रिजमध्ये असत, त्यातच कायम गारव्यात ठेवावी लागणारी तपासणीची औषधंही असत. दिवसाकाठी पन्नासदा ते दार उघडायचं. टेक्निशियन धम्मदीपा दोनदा बोलली होती. "अवं, मंग पाव्हण्याले गरम पाणी पाजू काय?" म्हणत नरेंद्रने ते हसण्यावारी नेलं.

त्या मंगळवारी रिठदहून भागवत आणि राखी पाच वर्षांच्या संस्कृतीला घेऊन आले. पोर आठ दिवस तापली होती. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. आईच्या खांद्यावर मान टाकून नुसती पडून होती. मेडिकलमधून आणलेली तापाची गोळी भागवत दिवसातून सहा-सहा वेळा देत होता, आणि हे डॉक्टरांना सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्यांनी लिव्हरची तपासणी लिहून दिली होती.

तपासणी साधी. लिव्हरला इजा झाली की त्यातलं एंझाइम रक्तात उतरतं आणि किटमधली अँटीबॉडी तेवढंच नेमकं ओळखून धरते. रंग आला, म्हणजे एंझाइम वाढलेलं. संस्कृतीच्या रक्ताला रंग आला नाही. नरेंद्रने 'नॉर्मल' लिहून सही ठोकली.

"सायेब, थांबा," धम्मदीपा हळूच म्हणाली. "मी कंपनीचा नमुना लावून पाह्यला. त्याच्यात एंझाइम भरपूर हाय, असं त्यायनंच लिहून देल्लं. त्यालेबी रंग नाही आला."

"म्हंजे?"

"म्हंजे अँटीबॉडीच गेली आपली. उन्हाळाभर दार उघडून उघडून."

तेवढ्यात भागवत दारातून डोकावला. "नॉर्मल हाय ना भाऊ? मंग गोळ्या चालू ठेवतो, दिवसाच्या सहा. दोनची गाडी भेटते आमाले."

नरेंद्रने आवाज दाबला. "आता काय सांगू त्याले? लॅबचं नाव जाईन वं! दोन दिवसांनी बोलावू पुन्हा."

"तापाची गोळी जास्त झाली की लिव्हरच खराब करते, अन् दोन दिवसांत बारा गोळ्या जातीन पोरीच्या पोटात! अन् तो बाप तुमच्या कागदाच्या भरोशावर आपल्या हातानं देईन!"

नरेंद्रने बाहेर पाहिलं. राखी लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. नजर मात्र त्याच्या हातातल्या कागदावर. काय करायला निघालो होतो आपण! त्याने कागद फाडला आणि बाहेर आला.

"भागवतभाऊ, आमची तपासणी चुकली. औषध खराब झालं, अन् ते माह्याच चुकीनं. गोळ्या बंद करा. आत्ताच डॉक्टरकडे चला, मी येतो संगं."

"मंग लॅब कायले उघडून बसले तुमी?" भागवत भडकला. नरेंद्रने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या लॅबमध्ये एंझाइमचा आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट जास्त निघाला. पोरीला लगेच दाखल केलं. सहाव्या दिवशी तिने आपणहून भात मागितला, आणि राखीला रडू आवरेना.

वाचकहो, खोट्या 'नॉर्मल'वर घरची माणसं निर्धास्त होतात आणि उपचाराचे दिवस निघून जातात. कुणीतरी विश्वासाने मागितलेलं उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी द्यावं लागतं. खात्री नसेल, तर 'माझं चुकलं, मला ठाऊक नाही' एवढं तोंडावर सांगावं. शिव्या खाव्या लागतील. खाव्यात!