तोफ नसलेली गाडी

मी रिकव्हरी बोलतेय. डोंबिवली पूर्वेला, पोपटरावांच्या घरी, टीव्हीच्या वरच्या काचेच्या कप्प्यात राहते. लांबीला वीतभरसुद्धा नाही, पण म्हणून हसू नका. मी लष्करातली गाडी आहे आणि मला माझा अभिमान आहे. तो काही खोक्यातून आयता मिळालेला नाही, म्हणून सांगायला बसलेय.

खोक्यातला तो नुसता तोरा होता. खोक्यावर चित्र काय झकास होतं: धूर, आग आणि मधोमध मी, रणगाडा, तोफ रोखून. आत मात्र प्लॅस्टिकचे सुटे तुकडे आणि जोडणीचा कागद. ठाण्याच्या एका दुकानात मी कितीतरी दिवस धूळ खात पडले होते. गिऱ्हाईक यायचं, चित्र बघायचं, मला उलटंपालटं करायचं आणि परत ठेवून जायचं. तरी मला वाटायचं, आपल्याला तोफ आहे, आपल्याला काय कमी.

मग रसिकाने मला घेतलं. ही पोपटरावांची मुलगी. कळव्याला एका लॅबमध्ये कामाला जाते आणि सुट्टीच्या दिवशी असली मॉडेलं बनवते. तिने जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला, माझे तुकडे मांडले, आणि पहिलं काम काय केलं, तर माझी तोफ, तिच्या घुमटासकट, उचलून परत खोक्यात टाकली.

तिच्या आई, शालनताई, समोर गवार निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तोफच काढलीस तर रणगाडा आणलास कशाला? उरलं काय त्यात?"

अगदी माझ्या मनातलं बोलली बाई.

"आई, बाबांची गाडी अशीच होती," रसिका म्हणाली. "तिचं मॉडेल बाजारात मिळतच नाही. मग यातनंच करायची."

तेव्हा मला कळलं की आपण रणगाडा होणार नाही. पोपटराव सैन्यात मेकॅनिक होते. बंद पडलेले, रुतलेले रणगाडे ओढून आणायची जी गाडी असते ना, ती चालवायचे. तिला रिकव्हरी म्हणतात. अंग रणगाड्याचंच, फक्त तोफेच्या जागी क्रेन आणि पोटात जाड तारेचा दोर. सैन्यातून आल्यावर त्यांनी एमआयडीसीत नोकरी केली आणि आता घरीच असतात. खालच्या मजल्यावरचा सुदेश त्यांना जिन्यात गाठून हटकून विचारायचा, "काय काका, मिलिटरीत किती जणांना उडवलं?" त्यावर पोपटराव म्हणायचे, "छे रे बाबा, आम्ही आपले ओढकाम करणारे," आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढायचे.

रसिकाला हे लहानपणापासून खुपायचं. एकदा, फक्त एकदा, बाबांनी मान वर करून म्हणावं, ही माझी गाडी. एवढ्यासाठी माझी तोफ गेली होती. मला तेव्हा त्याचं काही कौतुक नव्हतं. मी रुसलेच होते.

पण पोरीच्या हाताला तोड नाही, हे कबूल करावं लागेल. घुमटाच्या भोकावर तिने पांढरा प्लॅस्टिकचा पत्रा कापून बसवला. क्रेन केली ती संपलेल्या रिफिलींची. जुन्या मिक्सरची वायर सोलून तिच्या तांब्याच्या तारा पिळल्या आणि माझा दोर झाला. कागदी रुमाल पातळ फेविकॉलमध्ये बुडवून गुंडाळला, तर हुबेहूब ताडपत्री. दागिना चढवावा तसं एकेक माझ्या अंगावर चढत गेलं आणि माझा रुसवा उतरत गेला.

पोपटराव येता-जाता बघायचे. "छान झालंय," म्हणायचे. उपमा खाल्ल्यावर म्हणतात तसं. की लगेच पेपर.

रसिकाने मग हिरवा रंग दिला आणि त्यावर चिखल. रिकव्हरी म्हणजे चिखलातच जन्म गेलेली, असं तिचं म्हणणं. खडवलीला मैत्रिणीकडे गेलेली, तिथून नदीकाठची माती घेऊन आली, वाळवली आणि आईच्या मैद्याच्या चाळणीतून चाळली. त्यावरून घरात जे काही ऐकायला मिळालं ते सांगत नाही. पण ती माती चाकांवर, साखळीच्या पट्ट्यांवर, खाचाखाचांत तिने इतकी मन लावून बसवली की मी चांगली दहा वर्षं राबून आल्यासारखी दिसायला लागले. दसऱ्यानंतरच्या रविवारी ठाण्याला मॉडेलांचं प्रदर्शन होतं. तिथे मला न्यायचं ठरलं होतं.

तिने मला पोपटरावांच्या समोर धरलं. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "मळलीय."

झालं. रसिकाचं तोंड एवढंसं झालं.

मग आली खंडेनवमी. यांच्या साताऱ्याकडच्या घरात या दिवशी हत्यारं पुजायची पद्धत. इथे हत्यारं कुठली? म्हणून पोपटरावांचे जुने पाने आणि पक्कड दरवर्षी पाटावर मांडतात. त्या सकाळी रसिका झेंडू आणायला बाजारात गेली आणि शालनताईंच्या मनात आलं की या वेळी गाडीपण ठेवू. पण पूजेला मळकी गाडी कशी ठेवायची? त्यांनी मला सरळ मोरीत नेलं. भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. "काय मेली घाण बसलीय," असं म्हणत खाचाखाचांतून घासलं. खडवलीची सगळी माती मोरीतून वाहून गेली. दोरही एका बाजूने सुटला. मग पुसून पाटावर ठेवलं, नाकावर हळदकुंकू लावलं.

रसिका फुलं घेऊन आली आणि दारातच थबकली.

"आई, हे काय केलंस?"

"अगं, पूजा आहे ना आज."

"दोन महिने लावले होते गं त्याला."

ती घाण म्हणजेच चाळणीतली ती माती, हे शालनताईंना तेव्हा कळलं. त्या पदराला हात पुसत राहिल्या. रसिका खुर्चीवर बसून रडायला लागली. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोफ गेली होती, आता चिखलही गेला, आता खरंच उरलं काय?

एवढ्यात पोपटराव आंघोळ करून पूजेला आले. पाटाकडे बघितलं आणि तिथेच खाली बसले. मला हातात घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"अगं, दसऱ्याला ही अशीच असायची," ते बायकोला म्हणाले. "आदल्या दिवशी आम्ही सगळे मिळून धुवायचो. नाकावर कुंकू, पट्ट्यापुढे नारळ. वर्षातनं एक दिवस हिचा रंग दिसायचा. मला ही अशीच आठवते."

आणि मग ते बोलायला लागले. सरावाच्या वेळी एक रणगाडा कालव्यात उलथला होता, आत चौघं, पाणी चढत चाललेलं. पोपटरावांनी पाण्यात बुडी मारून दोर अडकवला आणि रिकव्हरीने ओढून काढला. चौघंही जिवंत. शालनताईंनी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे ऐकलं नव्हतं. सांगता सांगता पोपटरावांनी माझा सुटलेला दोर चिमट्याने परत बसवला. मी अंग चोरून उभी राहिले.

"माती परत लावायची तर लाव," ते रसिकाला म्हणाले. "चाळून मी देतो."

"नको बाबा. अशीच नेऊ."

ठाण्याच्या हॉलमध्ये माझ्या दोन्ही बाजूंना चिखलाने माखलेले, तोफा उगारलेले रणगाडे होते. मी मधे धुतलेली. परीक्षक नाकावरच्या कुंकवाला रंगाचा डाग समजले आणि बक्षीस शेजारच्याला गेलं. जाऊ दे. पोपटराव इस्त्रीचा शर्ट घालून दिवसभर माझ्यामागे उभे होते. संध्याकाळी सुदेश आला, बायकोला घेऊन.

"काका, तोफ तुटली वाटतं हिची?"

रसिका काही बोलणार, त्याआधी पोपटराव म्हणाले, "हिला तोफ नसते. ही माझी गाडी आहे."

"अच्छा. मग किती जणांना उडवलं हिने?"

"एकालाही नाही," पोपटराव म्हणाले. "चौघांना परत आणलं."

सुदेश वाकून माझा दोर बघायला लागला. पाण्याच्या टाकीचा विषय कोणीच काढला नाही.

माझी तोफ अजून माळ्यावर खोक्यात आहे. असू दे तिथेच, मला तिची आठवण येत नाही. कधी डोंबिवलीला आलात तर या बघायला. पोपटराव सांगतीलच सगळं, आता त्यांना फार विचारावं लागत नाही. माझ्यावर धूळ दिसली तर मऊ फडक्याने पुसा, माझी हरकत नाही. नाकावरचं कुंकू तेवढं राहू द्या.